शंका कुठं नोंदवायची?

गावाकडचा फोन आला की पाऊस, सोयाबीनचा भाव आणि कोणाच्या पोरीचं कुठं जमलं एवढं होईस्तोवर सगळं ठीक असतं. मग विषय लशीवर येतो. कोरोनाचं नाव आता कोणी घेत नाही, पण लस काही सुटत नाही. आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात या पावसाळ्यात चाळिशीतला एक माणूस पाठीवर फवारणीचा पंप असताना धुऱ्यावर बसला, आडवा झाला आणि यवतमाळला नेईस्तोवर संपला. दादाचं निदान तयार होतं. "लसीनंच नेलं त्याले. दोन्ही डोस झाले होते न त्याचे."

मी म्हटलं, दादा, दोन्ही डोस न झालेला चाळिशीचा माणूस दाखव आपल्या गावात. जिथं जवळपास सगळ्यांनी लस घेतली तिथं मरणारा माणूस लस घेतलेलाच असणार. दादा म्हणाला, "तुह्यं तिकडचं गणित तिकडंच ठेव."

गणित इकडचं-तिकडचं नसतं, हे सांगायचं राहून गेलं. आणखी एक राहिलं. त्या माणसाच्या पाठीवर पंप होता. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा मुंबईपासून दिल्लीपर्यंत बातम्या होत्या. यंदा पंपासकट माणूस पडला, तर त्या पंपात कोणतं औषध होतं, कशात काय कालवलं होतं, तोंडाला दुपट्टा तरी होता का, एवढंही कोणी विचारलं नाही. कदाचित पंपाचा काही संबंध नसेल. त्याचं हृदयच अधू असेल. पण २०२१ची सुई आठवते आणि पाठीवरचा पंप दिसत नाही, याचा मला राग येतो.

यावरही मी गप्प बसले असते. माणूस गेला की लोक काहीतरी कारण शोधतात, त्यात नवल काही नाही. पण माझी भाची बाळंतपणापासून माहेरीच आहे. तिचं लेकरू नऊ महिन्यांचं झालं, गोवर-रुबेलाची सुई द्यायची होती, ती "राहू दे सध्या" म्हणून राहिली. वहिनी म्हणाली, "आता कोणतीच सुई नको वं बाई. मोठ्यायले दिली त्याचंच निस्तरून राह्यलो." मी लेस्टरला, स्वयंपाकघरात उभी. हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं ते फोनमध्ये ऐकू गेलं असावं, कारण वहिनीनं लगेच पोळ्यांचा विषय काढला.

मी इथं वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते, कोरोनाच्या आधीपासून. म्हणून या विषयावर मला कोणी "तुले काय कळते" म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. लेस्टर म्हणजे ते शहर, जिथं २०२०च्या जून अखेरीस बाकी देश उघडत असताना आम्हाला एकट्यालाच पुन्हा कुलूप लागलं. आमच्या होममध्ये त्या वसंतात किती खोल्या रिकाम्या झाल्या ते मी इथं लिहिणार नाही. हँडओव्हरला रात्रपाळीची मुलगी वही उघडायची आणि खोलीचे नंबर वाचायची, नावं नाही. नाव घेतलं की तिला रडू यायचं. पुढं आठवड्यातून दोनदा नाकात काडी घालून लॅटरल फ्लो ही झटपट तपासणी, मग एप्रन, मग मास्क. लस आली ती जानेवारी २०२१मध्ये. रांगेत मी होते, आणि हाताच्या दंडावर जी सुई बसली ती ॲस्ट्राझेनेकाची. म्हणजे तुमची कोविशिल्डच. दादाच्या दंडात जे गेलं तेच माझ्याही. दोघं भावंडं एकाच औषधाची, फक्त बाटलीवरचं नाव वेगळं. हे मी त्याला सांगितलं की तो म्हणतो, "तुमच्या तिकडची असली असन, आमची डुप्लिकेट."

डुप्लिकेट नव्हती. पण गंमत अशी की हा संशय दादाच्या आधी ब्रिटिश सरकारनंच घेऊन दाखवला होता. २०२१च्या सप्टेंबरात इथं प्रवासाचे नवे नियम आले, त्यात ऑक्सफर्डनं शोधलेली, पुण्यात सिरमनं बनवलेली, आणि ब्रिटननं स्वतःही थोडी मागवून वापरलेली हीच लस भारतातल्या माणसानं घेतली असेल तर तो लस न घेतलेला धरायचा असं ठरलं. ओरड झाली तेव्हा म्हणाले लस चालेल, सर्टिफिकेट चालणार नाही. मग भारतानं इथल्या लोकांना तिथं उतरल्यावर दहा दिवस कोंडायचा नियम काढला, आणि ११ ऑक्टोबरपासून सगळं एकदम चालायला लागलं. तीन आठवड्यांत औषध काही बदललं नव्हतं. हे दादाला माहीत नाही आणि मी सांगितलेलंही नाही. उगाच त्याच्या हातात कोलीत कशाला द्या.

तर मुद्दा. "लस चालते की नाही चालत?" असा सरळ सवाल गावाकडून येतो आणि एका शब्दात जबाब मागतात. मे-जून २०२५मध्ये भारतात आकडे पुन्हा वर गेले, उपचाराखालचे रुग्ण सात हजारांवर पोचले, एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ अशी मोटारीच्या नंबरसारखी नावं टीव्हीवर आली, तेव्हा आमच्या गावच्या ओट्यावर एकाच वेळी दोन मतं चालू होती. नवा कोरोना आलाय आणि जुनी लस त्याच्यावर चालत नाही, हे एक. कोरोना-फिरोना काही नाही, लस खपवायची आहे, हे दुसरं. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकाच चहात. खपवायला लस होती कुठं? सिरमनं तर डिसेंबर २०२१पासूनच कोविशिल्डचं नवं उत्पादन थांबवलं होतं.

ही दोन्ही नावं जेएन.१ या ओमिक्रॉनच्या फांदीवरचीच. ती जुन्या प्रतिकारशक्तीला चुकवून घशात शिरतात, हे खरं. ओमिक्रॉन आला त्याच हिवाळ्यात इथल्या आरोग्य सुरक्षा संस्थेनं आकडे छापले होते: ॲस्ट्राझेनेकाचे दोन डोस घेऊन वीस-पंचवीस आठवडे झालेल्या माणसाला लक्षणांपासून संरक्षण जवळजवळ उरत नाही. मात्र दवाखान्यात भरती होण्यापासून आणि मरण्यापासून वाचवण्याचं काम लस त्याहून पुष्कळ जास्त काळ करते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सर्दी-खोकला अडवते का? फार दिवस नाही. ऑक्सिजनवर जाऊ देते का? बहुतेकांना नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?

विदर्भातल्या माणसाला तर हे जगात सगळ्यात आधी समजायला हवं. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची बीजी-२ २००६ साली. आली तेव्हा बोंडअळीचं नाव राहिलं नाही, फवारण्या निम्म्यावर आल्या, लोकांनी घरं बांधली. दहा-बारा वर्षांत गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७च्या हंगामात वरून चांगलं दिसणारं बोंड फोडलं की आत अळी. पण हिरव्या बोंडअळीवर तेच बियाणं चालतच होतं. बियाणं खोटं नव्हतं, अळी बदलली होती. विषाणू अळीपेक्षा चपळ, त्याला दहा वर्षं लागत नाहीत, सहा महिने पुरतात. मी हे दादाला मोठ्या ऐटीत समजावलं. वाटलं, आता कसा बोलतोस बघू.

तो म्हणाला, "मंग अळी बदलली हे आपल्याले सांगतलं कोणं? पाकीट तेच, नाव तेच, भाव तोच. कृषी केंद्रवाला म्हणे, घेऊन जा, काही होत नाही."

मला काही सुचलं नाही. पाकिटासोबत नॉन-बीटीची एक छोटी पुडी यायची, ती कडेनं पेरायची असते म्हणजे अळी लवकर सरावत नाही, आणि आमच्या गावात ती पुडी कोणी पेरली नाही, हे मला आठवलं. पण ती का पेरायची हेही कोणी नीट सांगितलं नव्हतं.

इथून पुढं मला दादाचंच म्हणणं जास्त डोक्यात घोळायला लागलं, आणि ते मला आवडत नाही. मी इथून जेव्हा बोलते तेव्हा मला जे सोयीचं तेवढंच सांगते. सांगत नाही ते असं: गोवराच्या लशीची भीती जगाला ज्या देशानं निर्यात केली तो हाच. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरानं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, आणि ऑटिझमचं सूत जुळवून दिलं. तो निबंध मागे घ्यायला २०१० साल उजाडलं. २०२४च्या सुरुवातीला इथून तासाभरावर बर्मिंगहॅमच्या पट्ट्यात गोवर एवढा पसरला की सगळ्या देशासाठी इशारा द्यावा लागला. त्याच बर्मिंगहॅममध्ये एप्रिल २०२०मध्ये लोकांनी मोबाइलचे टॉवर पेटवले होते, फाइव्ह-जीमुळं कोरोना होतो म्हणून. आमच्या गावच्या ओट्यावर कितीही वेडंवाकडं बोललं गेलं तरी टॉवर कोणी पेटवला नाही. अर्थात आमच्या गावात रेंजच नसते, तो भाग वेगळा.

आणि दादा ज्या गोष्टीसाठी मला सारखा चिडवतो, "तुमच्या तिकडं जबरदस्ती नसते, आमच्या इकडं होते", ती तर निव्वळ दंतकथा आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही असा हुकूम निघाला. त्याच नोव्हेंबरच्या ११ तारखेपासून इंग्लंडमध्ये केअर होमच्या कर्मचाऱ्याला लस नसेल तर आत पाऊल टाकता येणार नाही असा कायदा लागू झाला. माझ्यासोबतची एक बाई, माझ्या कितीतरी आधीपासून तिथं काम करणारी, मूळची जमैकाची, म्हाताऱ्यांची नखं कापताना त्यांना गाणी म्हणून दाखवायची. तिनं लस घेतली नाही. शेवटच्या शिफ्टला एप्रन काढून तिनं नीट घडी घातला, कचऱ्यात टाकायचा असूनही, आणि गोदामात पार्सलं भरायला लागली. मार्च २०२२मध्ये सरकारनं तो कायदा रद्द केला. तिला कोणी परत बोलावलं नाही.

त्यापुढची गोष्ट तर मला दादाला सांगायची लाजच वाटते. २०२५च्या हिवाळी मोहिमेत इथं कोविडची लस कोणाला? पंचाहत्तरीच्या पुढचे, वृद्धांच्या होममधले रहिवासी, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधानं किंवा आजारानं दबलेली आहे ते. आम्ही, जे रोज त्यांना आंघोळ घालतो, आम्ही यादीत नाही. फ्लूची मिळते, ही नाही. हवी असेल तर दुकानात जवळजवळ शंभर पौंड मोजा. २०२१मध्ये घेतली नाहीस तर नोकरी नाही म्हणणारं सरकार २०२५मध्ये मागितली तरी देत नाही. का? तर तज्ज्ञ समितीच्या मते आता कर्मचाऱ्यांना देऊन रहिवाशांना होणारा संसर्ग फारसा अडत नाही, आणि खर्चाच्या मानानं ते परवडत नाही. मला हे पटतं. खरंच पटतं. पण फार्मसीच्या काउंटरवरून माघारी आलेली सत्तरीची शेजारीण काउन्सिलपासून पंतप्रधानापर्यंत सगळ्यांना शिव्या देत होती, तिला कोणी हे पटवून दाखवावं.

मग फरक काय राहिला? गेले काही महिने मी स्वतःला हेच विचारते आहे, कारण फरक नसेल तर मी दादावर ओरडते कशाला?

फरक मला एकच दिसतो. इथल्या शंकेला जायला जागा आहे. लस घेतल्यावर काही त्रास झाला तर माणूस स्वतः यलो कार्ड नावाचा नोंदीचा फॉर्म भरू शकतो. थॅलिडोमाइडनं लेकरं अधू जन्मली त्यानंतर १९६४ साली सुरू झालेली ही पद्धत. डॉक्टर लागत नाही, वशिला लागत नाही. एप्रिल २०२१मध्ये अशाच नोंदींवरून ॲस्ट्राझेनेकानं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हे दिसलं, आणि सरकारनं आधी तिशीच्या आतल्यांना, महिन्याभरात चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ असं उघड सांगितलं. टीव्हीवर तक्ता दाखवला: कोणत्या वयात फायदा किती, धोका किती. लशीनं मोठं अपंगत्व आलं किंवा माणूस गेला हे सिद्ध झालं तर एक लाख वीस हजार पौंड देण्याची योजना आहे. ती भिकार आहे, फायली वर्षं-वर्षं पडून राहतात, लोक कोर्टात गेलेत. पण भांडायला समोर कोणीतरी आहे. कोरोनात सरकार कसं चुकलं याची उघड सुनावणी झाली, माजी पंतप्रधानाला खुर्चीत बसवून विचारलं गेलं.

२०२४च्या एप्रिल-मेमध्ये "कंपनीनंच कोर्टात कबूल केलं" ही बातमी गावात आली ती बॉम्बसारखी. इथं ती तीन वर्षं शिळी होती. हाच फरक. कोर्टातल्या कागदात कंपनीनं तेच म्हटलं जे इथं एप्रिल २०२१नंतर लस घ्यायला गेलेल्यांच्या हातातल्या पत्रकावर छापलं गेलं होतं: फार क्वचित, गुठळ्या होऊ शकतात. आमच्या गावात तो कागद कोणाच्या हातात पडला होता?

भारतातही समिती आहे. लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद करणारी, जिल्ह्या-जिल्ह्यात, कागदावर व्यवस्थित. मे २०२१मध्ये राष्ट्रीय समितीनं सांगितलं की कोविशिल्डच्या दहा लाख डोसांमागे गुठळ्यांचं प्रमाण ०.६१. तेव्हा ब्रिटनचा आकडा त्याच हिशेबात ४ होता. याचा एक अर्थ असा की आपल्या लोकांना हा त्रास खरंच कमी होतो, आणि समितीनंही तसं सुचवलं. दुसरा अर्थ असा की आर्णीच्या पुढच्या तांड्यावर एखाद्या बाईचं डोकं आठ दिवस दुखलं तर ते कोणी लिहून घेतलं नाही. मला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं आहे.

हृदयविकाराचंही तसंच. आयसीएमआरनं, म्हणजे भारताच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, १९ राज्यांतल्या ४७ मोठ्या रुग्णालयांतून अठरा ते पंचेचाळीस वयाच्या, अचानक गेलेल्या धडधाकट लोकांचा अभ्यास केला. लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत उलट कमी दिसला. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: घरात कोणी असंच अचानक गेलेलं असणं, कोरोनासाठी भरती व्हावं लागलेलं असणं, शेवटच्या दोन दिवसांत बेसुमार दारू, अंगाबाहेरची मेहनत. तरी कर्नाटकात हासन जिल्ह्यात तरुण माणसं गेली तेव्हा जुलै २०२५मध्ये थेट मुख्यमंत्र्यांनीच लशीकडं बोट दाखवलं. मग दादाला काय बोलायचं? त्याच्या हातात तो अभ्यास नाही, मुख्यमंत्र्याचं वाक्य आहे.

आणि अविश्वास काही आभाळातून पडला नाही. ३१ जानेवारी २०२१ला, म्हणजे कोरोनाची लस सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना, आमच्या शेजारच्या घाटंजी तालुक्यात बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली. पण ही बातमी आमच्या गावात पेपरातून आली नाही, सोयऱ्या-धायऱ्यांतून आली. मग फेब्रुवारीत अमरावती, अचलपूर, यवतमाळ पेटलं, अमरावतीला टाळेबंदी लागली, पुढं "डबल म्युटंट" असं काहीतरी टीव्हीवर आलं. मे महिन्यात व्हॉट्सॲपवर फिरलं की फ्रान्सचा नोबेलवाला म्हणतो, लस घेतलेले दोन वर्षांत मरतील. तो तसं म्हणालाच नव्हता. दोन वर्षं होऊन गेली, तरी ते वाक्य काही मेलं नाही. पुढं माझ्या काकूच्या फोनवर मेसेज आला: आपला दुसरा डोस यशस्वीरीत्या पूर्ण झाला. काकू त्या वेळी वावरात निंदण करत होती. तिनं मेसेज सुनेकडून वाचून घेतला, हसली, आणि पदराच्या गाठीत फोन बांधून पुन्हा विळा घेतला. त्या दिवसापासून काकूला सरकारच्या कोणत्याही आकड्यावर हसू येतं. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की ४७ रुग्णालयांच्या अभ्यासावर विश्वास ठेव?

हे सगळं कळत असूनही मी फोनवर भांडते. का भांडते ते सांगायला हवं.

२०२१च्या मे महिन्यात इथल्या पेपरांत सगळीकडं "इंडियन व्हेरिएंट" होता. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला डेल्टा म्हणायला महिना संपावा लागला. तेव्हा आमच्याकडं ठरलेल्या माणसांनाच भेटीला यायची मुभा होती. एका आजीची मुलगी दारात तापमान मोजून घेत असताना माझ्याकडं बघून फार गोड आवाजात म्हणाली, "तू एवढ्यात मायदेशी जाऊन आली नाहीस ना?" मी दीड वर्षात गेले नव्हते. भारत लाल यादीत होता, जाऊन काय येते. मी हसून नाही म्हटलं आणि तिला नवा मास्क दिला. पण आत कुठंतरी वाटलं की आजार हिला माझ्याच अंगावरून आलेला वाटतो आहे. आणि तो खरोखर माझ्याच बाजूचा निघायला बसला होता, महाराष्ट्रातला, त्यातही आमच्या वऱ्हाडाकडं बोट दाखवलं जात होतं. बोल्टन, ब्लॅकबर्न, बेडफर्डचे आकडे रोज टीव्हीवर, आणि मी टी-रूममध्ये बसताना कोपऱ्यातली खुर्ची घ्यायला लागले. त्या दिवसांत मी गावावर फार चिडले होते. लग्नं कशाला केली, यात्रा कशाला भरवली, मास्क हनुवटीवर कशाला. जणू त्यांनी तिथं मास्क वर ओढला असता तर इथं मला कोपऱ्यात बसावं लागलं नसतं.

तेव्हापासून ते लागून गेलंय. गाव चुकलं की मला बरं वाटतं. गाव अडाणी, गाव अफवांवर जगतं, म्हणून मी निघाले, बरोबर निघाले. गाव शहाणं निघालं तर मी कशासाठी निघाले होते? रात्रीच्या शिफ्टमध्ये परक्या आईची कूस बदलताना हा सवाल पडतो आणि त्याला काही जबाब नसतो. म्हणून मग सकाळी दादाला आकडे पाठवते.

दुसऱ्या बाजूनं, मी गाव सोडायलाही तयार नाही. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी नावं चढली. चार एकर कोरडवाहू, त्यातलं एक एकर खडकाळ. दादानं दोनदा हक्कसोडाचं काढलं, गावातल्या बाकीच्या बहिणी आपापल्या भावांना करून देतात तसं. मी सही केली नाही. दादाला वाटतं जमिनीचा मोह. जमिनीचं मी काय करणार? इथं माझ्याकडं कायमचं राहण्याचा शिक्का आहे, पासपोर्ट अजून भारताचा आहे, तोही बदलेल. मग मी तिथली आहे असं म्हणणारा एकच सरकारी कागद उरतो, तो तलाठ्याकडं. लशीवरून भांडण पेटलं की दादा हमखास म्हणतो, "तुले कायले पंचाईत? तू कोठी अथी राहतं?" आणि मी म्हणते, सातबारा बघ.

भाचीच्या लेकराचं झालं ते असं. मी तिला व्हॉट्सॲपवर लांबलचक आवाजी निरोप पाठवले होते. वेकफिल्ड, बर्मिंगहॅम, गोवरानं मेंदूला येणारी सूज, सगळं. तिनं ते ऐकलेच नाहीत, निळी खूण आली नाही. पंधरा दिवसांनी तिचाच फोन. "आत्या, देल्ली बापा सुई. आशाताईनं सांगतलं, दोन दिवस ताप येईन, पट्टी ठेव. तिच्या नातवालेबी तिनंच नेऊन देल्ली होती." आशाताई म्हणजे आमच्या गावची आशा सेविका, सातवी-आठवीला माझ्या एका बाकावर बसणारी. जून २०२१मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या होत्या, दिवसभर घरोघर ऑक्सिजन मोजून हातात काय पडतं म्हणून, त्यातलीच एक. लस सुरू झाली तेव्हा लोक तिला बघून मागच्या दारानं वावरात पळायचे, आणि संध्याकाळी तीच त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसायची. तिनं कधी टक्केवारी सांगितली नाही. ताप येईल हे मात्र आधीच सांगितलं, आणि ताप आला. मला आनंद झाला. थोडं लागलंही, लपवत नाही. एवढे आवाजी निरोप मी शिफ्टवरून थकून येऊन बोलले होते.

तर दादाला परवा म्हटलं, एक काम कर. जिल्ह्याच्या त्या समितीकडं आपल्या तालुक्यातून लशीच्या किती तक्रारी गेल्या, त्यांचं पुढं काय निघालं, एवढं त्यांना विचारा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लावा. संकेतस्थळावरची इंग्रजी पीडीएफ नको. शून्य तक्रारी गेल्या असतील तर शून्य वाचा, म्हणजे गावाला कळेल की बडबड ओट्यावर झाली, नोंद कुठं झालीच नाही. आणि धुऱ्यावर गेलेल्या त्या माणसाचं शवविच्छेदन झालं असेल तर त्याच्या घरच्यांना तो कागद मराठीत वाचून दाखवा. लस निघाली तर लस, औषध निघालं तर औषध.

दादा हसला. "ग्रामसभेले कोरम कोठी भरते? तहकूब करतात न घंट्याभरानं तिथंच घेतात." मग म्हणाला, "तू लिहून पाठव अर्ज. तुह्यं मराठी अजुक बरं हाये."

लिहून पाठवला आहे. अर्जदार म्हणून आईचं नाव टाकलं. अर्जदार गावचा रहिवासी असलेला बरा.